आजीच्या गालावरचा डाग

२ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण, म्हणून आजीचे चित्र काढायला दिले. फोटो एकच, लग्नाच्या घोळक्यातला. लाल लुगडे काळे दिसते, चेहरा वाटाण्याएवढा. शिसपेन्सिल थांबवून चित्रकाराने विचारले, "गालावरचा डाग फोटोचा की भाजल्याचा? काढू का?"

भाजल्याचाच. जळत्या पेंढ्यातून माझ्या बाबांना ओढताना झालेला.

"काढा," काका म्हणाले. (वर गळ्यात सोन्याची माळही घाला!) आईवरील प्रेमच ते. बाळ येशूच्या संत तेरेजाची बहीण सेलीन हिनेही प्रेमानेच तिचा चेहरा चित्रांत सौम्य केला. मूळ फोटो लोकांनी पाहिले ते १९६१ साली, मृत्यूनंतर ६४ वर्षांनी. पण आपण प्रार्थना कुणासाठी करतो, आजीसाठी की तिच्यासारख्या दिसणाऱ्या बाईसाठी?

डाग ठेवला. काका अजून चित्राकडे पाहत नाहीत. बाबा मात्र रोज पाहतात.