पेशीला पाप ठाऊक नसतं

बायॉप्सीचा रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न असतो, ‘गाठ साधी आहे की वाईट?’ दुसरा, ‘खर्च किती येईल?’ तिसरा प्रश्न लोक सहसा डॉक्टरांना विचारत नाहीत. घरी गेल्यावर स्वतःलाच विचारतात, ‘आमच्या हातून असं काय पाप घडलं?’ सांगली जिल्ह्यात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करताना हा तिसरा प्रश्नही माझ्या टेबलापर्यंत आलेला आहे. रिपोर्टात त्याला रकाना नाही, पण उत्तर द्यायलाच हवं असं मला वाटतं.

आमच्याकडे माणूस क्वचितच येतो, त्याचा तुकडा येतो. फॉर्मालिनमध्ये ठेवलेला, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला. मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काढून तो रंगवला की केंद्रकं निळी-जांभळी आणि बाकीची पेशी गुलाबी दिसते. निरोगी गालाच्या अस्तरात तळाशी पेशींची दाट रांग असते आणि वर सरकताना त्या चपट्या होत जातात. तंबाखू-चुन्याची चिमूट वर्षानुवर्षं धरलेल्या गालात ही शिस्त मोडलेली दिसू शकते. केंद्रकं मोठी आणि गडद होतात, तळाशी व्हायचं विभाजन वरच्या थरांत दिसू लागतं. याला आम्ही डिसप्लेजिया म्हणतो. बिघाड पूर्ण जाडीभर पोचला पण तळाचा पडदा शाबूत असला, तर कार्सिनोमा इन सिटू. पडदा भेदून पेशी खाली उतरल्या की कॅन्सर आत शिरला. त्या गर्दीतही मधूनच एखादी आक्रसलेली, भडक गुलाबी पेशी दिसते, केंद्रकाचे गडद तुकडे झालेली. हा अपॉप्टोसिस, पेशीचं आतूनच ठरलेलं मरण. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये त्याला हे नाव दिलं. गर्भात आपली बोटं सुटी होतात, ती मधल्या पेशी अशा मरतात म्हणून. कॅन्सरच्या पेशी हे मरण चुकवायला शिकलेल्या असतात.

अशा पेशीला स्वार्थी, बंडखोर, दुष्ट म्हणायचा मोह होतो. इतकी वर्षं सूक्ष्मदर्शकातून पाहूनही मला तिथे दुष्टपणा सापडलेला नाही. पाप घडायला हेतू लागतो. पेशीला हेतू नसतो, तिच्यात फक्त कारणं आणि परिणाम असतात.

मूळ कारण बहुतेक वेळा नकलेतलं असतं. एक पेशी दुभंगण्याआधी डीएनएची सुमारे ६०० कोटी अक्षरं उतरवून घेते. ज्ञानेश्वरीच्या प्रती नकलताना पाठभेद शिरले आणि एकनाथांना शके १५०६ मध्ये पाठशुद्धी करावी लागली. त्यात कुणा लेखनिकाचं पाप नव्हतं, नकलेचा तो स्वभावच आहे. पेशीतही चुका शोधणारी आणि दुरुस्त करणारी यंत्रणा अखंड काम करते. तिचा उलगडा करणाऱ्या लिंडाल, मॉड्रिच आणि संजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तरी काही चुका राहतातच. आणि ही नक्कल कायम निर्दोष झाली असती, तर पृथ्वीवर पहिल्या जीवानंतर नवं काही घडलंच नसतं. ज्या वाटेने आपण माणूस झालो, तीच वाट आपल्याला आजारही देते.

एका लहान मुलाच्या रक्ताच्या स्मिअरमध्ये ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशींची गर्दी होती. ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर. त्याची आई माझ्यासमोर बसून म्हणाली, ‘मॅडम, हा पोटात असताना मी ग्रहण नीट पाळलं नाही. सासूबाई तेच म्हणतात.’ मी म्हटलं, ‘ताई, ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. तुमच्याकडून काहीही चुकलेलं नाही.’ मुलांच्या ल्युकेमियात पहिला बदल कित्येकदा गर्भातच झालेला असतो, हे मला ठाऊक होतं. पण तो बदल घेऊन जन्मलेल्या बहुतेक मुलांना हा आजार कधीच होत नाही. गर्भात घडलं म्हणून ते आईने घडवलं असं होत नाही. कारण आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की आजारी मुलाच्या आईला आरोपी व्हावं लागतं.

हे विज्ञानाचंच म्हणणं आहे असं कुणी समजू नये. संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, माणूस भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच का? बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, विषम वागणूक, बाहेरचा आघात अशी कारणं मोजतात आणि कर्म आठवं सांगतात. सगळा भार पूर्वकर्मावर टाकणारे आपल्या जाणण्याच्या पलीकडे बोलतात, असा त्यांचा निर्वाळा आहे.

मग तंबाखूचं काय? तिथे तर करणी आणि भोग यांचा धागा स्पष्ट दिसतो. तो मी लपवत नाही. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स डीएनएला इजा करतात, हे प्रत्येकाला स्पष्ट सांगते. पण तितकीच तंबाखू खाऊन एकाला कॅन्सर होतो, दुसऱ्याला होत नाही. न्याय असा नसतो. कारण सांगायचं ते गालातला पांढरा चट्टा वेळीच दाखवला जावा म्हणून, धाकट्या भावाची पुडी सुटावी म्हणून.

मी वारकरी घरातली. केलेल्या कर्माला फळ असतं, यावर माझा विश्वास आहे. पण ते कर्म मला रिपोर्टानंतर सुरू होताना दिसतं. केमोच्या तारखा कोण सांभाळतं, पैशाला कोण उभं राहतं, त्या आईला घरात कोण जपतं, यात आपलं कर्म आहे. मुलांचा हा ल्युकेमिया आज योग्य उपचारांनी पुष्कळदा पूर्ण बरा होतो, आणि त्या उपचाराला खंबीर आई लागते. तिच्यासमोर बसून तिच्या पापाचा हिशेब मांडणं, हेच मला या साऱ्या प्रकरणातलं एकमेव पाप वाटतं.