हजेरी कुणाची?

जन्म हा गुन्हा होऊ शकतो का?

प्रश्न खुळ्यासारखा वाटेल. पण १८७१ साली इंग्रज सरकारनं त्याचं उत्तर कायद्यात लिहून टाकलं – होय. गुन्हेगार जमाती कायदा तो हाच. १९११ साली त्याचा फास सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर पडला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी – पोर आईच्या पोटातनं बाहेर आलं की चोर! पोलिसाकडं हजेरी, गाव सोडायचं तर परवाना, सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वस्ती.

इंग्रजाला ही अक्कल कुठनं आली? सुताराचं पोर सुतार, तसं चोराचं पोर चोर, हा युक्तिवाद कायद्यामागं होता. म्हंजे बंदूक इंग्रजाची, बार मनूचा. धर्म म्हणतो, मागल्या जन्मी पाप केलंस म्हणून हा जन्म. कायदा म्हणतो, हा जन्म आहे म्हणून पुढं पाप करशील. पुरावा दोघांनाही लागत नाही. तू काय केलंस, हे कुणी विचारतच नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊंनी आपल्या गावच्या फकिराला १९५९ साली कादंबरीत उभं केलं आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. उपाशी माणसांसाठी लुटणाऱ्या फकिराला आपण वीर म्हणतो. बरोबरच आहे. पण ज्यानं काही लुटलं नाही, वाटलं नाही, नुसती मान खाली घालून रोज हजेरी दिली, त्याचं काय? त्याचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. माणूस म्हणून मान मिळवायला त्यानं आधी वीर व्हावं काय? पाटलाच्या पोराला ही अट कुणी घालतं? शिक्षा आणि शाबासकी करणीवर ठरू दे. माणूसपण ही काय बक्षिसी नव्हे.

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती एका ओळीत मांडल्या. तेव्हा हा प्रश्न 'त्यांचा' नाही, आपला आहे.

१९५२ साली कायदा गेला, जमाती 'विमुक्त' झाल्या. पण मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. तुरुंगात जात बघून काम वाटणं घटनेच्या विरुद्ध आहे, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०२४ साल उजाडावं लागलं. आणि आपण? विट्याच्या बाजारात कुणाचं पाकीट गेलं की पहिली नजर कुणाच्या पालाकडं जाते? निळा झेंडा खांद्यावर घेतलेल्याची नजरसुद्धा तिकडंच जात असंल, तर आपल्या डोळ्यात अजून इंग्रजाचा फौजदार बसलाय. विटा सोनं गाळणाऱ्यांचं गाव. इथं सोन्याचा कस लावल्याबिगर भाव सांगत नाहीत. माणसाचा भाव मात्र आडनावावरनं!

अंगुलिमालानं खरोखरच माणसं मारली होती. बुद्धानं त्यालाही बदलायला वाव दिला, संघात घेतलं. इथं ज्यांनी काहीच केलं नाही, त्यांना आपण कशातनं बदलायला सांगतोय?

बदलायचंय ते हजेरी घेणाऱ्यानं. पुढच्या वेळी वस्तीवर पोलिसाची गाडी आली तर आपण तिथं उभं राहायचं आणि एकच विचारायचं – 'यानं काय केलं?' 'हा कुणाचा?' हा प्रश्न आपल्या तोंडून कायमचा बंद.