बॅकला उभा असलेला मुलगा

मराठीत ‘जागा दाखवून देणं’ याचा अर्थ चांगला नाही. त्यामुळेच की काय, फुटबॉलच्या संघात आपल्या मुलाला मागं, बॅकला उभं केलं की पालकांच्या मनाला ते लागतं. मलाही लागलं होतं. मुलगा अकरा वर्षांचा, वयाच्या मानानं उंच, म्हणून पहिल्याच आठवड्यात सरांनी त्याला बॅकला टाकलं. संघ चांगला होता, खेळ बहुतेक पुढंच चालायचा. आमचा मुलगा बुटाच्या टोकानं माती उकरत उभा राहायचा. एकदा गाडीवर मागं बसून म्हणाला, "आई, माझ्याकडे बॉल येतच नाही गं."

आम्ही कोल्हापूरची माणसं. शाहू स्टेडियमवर गोल झाला की अख्खी पेठ उठून नाचते आणि दुसऱ्या दिवशी गोल मारणाऱ्याचंच नाव तोंडोतोंडी असतं. कबड्डीत असं होत नाही. कोपरारक्षकानं घोटा धरून चढाईपटू अडवला की मैदान दणाणतं, कारण पकडीचा गुण फलकावर लागतो. फुटबॉलमध्ये वाचवलेला गोल कुठंच लिहिला जात नाही.

सामना संपल्यासंपल्या सरांना गाठायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. त्या वेळी पालकही तापलेले असतात आणि सरही. दोन दिवसांनी फोन करून वेळ घेतली. "बोला की ताई," सर म्हणाले. फॉरवर्डला कधी घेणार, हा ओठांवर आलेला प्रश्न गिळला आणि विचारलं, "सर, बॅकला खेळून त्यानं काय शिकावं असं तुम्हाला वाटतं?"

सर खुलले. म्हणाले, "मागनं सगळं मैदान दिसतंय ताई. बाकीची पोरं घाबरून बॉल उडवत्यात. ह्यो आधी मान वर करून बघतो, मग पास देतो." वर्षभर मी कडेला उभी होते, पण हे मला एकदाही दिसलं नव्हतं. मी फक्त गोलाकडे बघत होते.

मग दुसरा प्रश्न विचारला: "पण वर्षभर तिथंच का?" सर थोडा वेळ गप्प राहिले. "मॅच जिंकायची असती ओ," एवढंच म्हणाले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटला, पण उत्तर मात्र पटलं नाही.

अकराव्या वर्षीची उंची काही कायमची नसते. लवकर वयात येणारी मुलं आज उंच दिसतात. चार वर्षांनी बाकीचे त्यांना गाठतात, कधी मागंही टाकतात. जे शरीरच बदलणार आहे, त्याच्यावरून मुलाची जागा कायमची ठरवणं अन्यायाचं आहे. तिकडे मोठमोठ्यांच्या जागा बदलल्या आहेत. गॅरेथ बेल लेफ्ट बॅक होता, पुढं विंगर झाला. आपल्याकडचं उदाहरण तर त्याहून मोठं. 1962च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बचावपटू जर्नैल सिंग यांच्या डोक्याला टाके पडले होते, तरी प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना सेंटर फॉरवर्डला खेळवलं. उपांत्य सामन्यात त्यांनी गोल केला, दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही केला, आणि भारत 2-1 नं जिंकून सुवर्णपदक घेऊन आला. खेळाडू पुरता ओळखलेला असल्याशिवाय कुठला प्रशिक्षक असं धाडस करेल?

दोष एकट्या सरांचा नाही. मूल घरी आलं की आपण पहिल्यांदा काय विचारतो? "जिंकलात का?" प्रशिक्षकांनाही आपण तेच विचारतो. हरलेल्या संघातून पालक मुलं काढून घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग सर उंच पोराला पुढं पाठवून बघायचा धोका कसा पत्करतील?

शेवटी ठरलं की मागणी मुलानं स्वतः करायची. मी लांब उभी राहिले. बराच वेळ तो सरांच्या मागं मागं कोन उचलत फिरला, मग म्हणाला, "सर, मला एकदा विंगवर खेळून बघायचंय." आता तो अर्धा सामना विंगवर असतो, अर्धा बॅकला. गोल अजून एकही झालेला नाही.

बारा वर्षांखालच्या मुलांना शिकवणाऱ्या सगळ्या सरांना आणि मॅडमना माझी विनंती आहे: एका हंगामात प्रत्येक मुलाला निदान तीन जागांवर खेळवा. गोलमध्ये उभ्या असलेल्या मुलालाही त्यातून वगळू नका.