छपराची दुरुस्ती

आजारी माणसाच्या घरात हसावे की नाही, हा प्रश्न आम्हांला पडला तो बोईसरच्या आमच्या स्वतःच्या घरात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पंचवीस वर्षे पाळ्या केलेल्या बाबांना पक्षाघात झाला आणि डावे अंग लुळे पडले. घरात सारे दबक्या आवाजात बोलू लागले. ती शांतता बाबांनीच मोडली. हात हलतो का, असे डॉक्टरांनी विचारताच ते म्हणाले, "डावी बाजू संपावर गेलीय. बोलणी चालू आहेत." आई पदराआड हसली, आणि मग रडली.

भेटीला येणारे हळहळत. एकाला बाबा म्हणाले, "एवढं वाईट वाटतंय, तर जरा दाढी करून दे." गृहस्थ गोंधळले, पण त्यांनी दाढी केली आणि पुढे दर शनिवारी येऊ लागले.

तथापि विनोदाचा मालक कोण, हे आम्ही एकदा विसरलो. पाहुण्यांसमोर बाबांच्या हातून चहा सांडला, तेव्हा त्यांचाच संपाचा विनोद आम्ही त्यांच्यावर केला. सारे हसले. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवले. शब्द तेच; पण त्यांच्या तोंडी ते बळ होते, आमच्या तोंडी टवाळी झाले. दोन दिवस ते बोलले नाहीत. ती लाज अजून गेलेली नाही.

आशेविषयीही आमचा असाच घोटाळा होता. बाबा पुन्हा चालतील, एवढीच आमची आशा. म्हणून प्रत्येक तपासणीनंतर घर खचे. त्याच दिवसांत कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र हाती आले. ऐन तारुण्यात त्यांचे पाय गेले ते परत आले नाहीत. तरी १९८४ साली त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली.

मग एका रविवारी घरी मार्कच्या शुभवर्तमानातील उतारा वाचला. चौघांनी छप्पर उघडून पक्षाघाती मनुष्याला बाजेसह येशूपुढे सोडले, तो. आम्ही भक्तिभावाने ऐकत होतो. बाबांनी विचारले, "आणि नंतर छपराची दुरुस्ती कोणी केली?"

हसू ओसरले, प्रश्न राहिला. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो. त्यांचा, म्हणजे बाज वाहणाऱ्यांचाही! तेथे चार टोकांना चौघे होते. आमच्याकडे चारही टोके आईच्या हाती. रात्रीतून तीनदा कूस बदलायची, अंग पुसायचे. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, तिला अपंगांचा डबा आहे. पण पालघरला तपासणीस जाताना त्या डब्यापर्यंत नेणारा खांदा आईचाच. 'बाबा कसे आहेत?' असे सारा धर्मग्राम विचारी. आईची कंबर कशी आहे, हे आम्हीही विचारले नव्हते. तिच्या सोसण्याला क्रूस म्हणून आम्ही मोकळे झालो होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. जे कायद्याला दिसले ते आम्हांला त्याच घरात राहून दिसले नाही.

त्यानंतर टोके वाटून घेतली. रात्रीची पाळी आमची. शनिवारचे ते गृहस्थ रविवारी सकाळीही बाबांपाशी बसू लागले. पुष्कळ दिवसांनी आई मिस्साला गेली, बाजारात रेंगाळली आणि बोंबलांची पिशवी घेऊन तासभर उशिरा परतली.

"काय गं, देवळाचं छप्पर फोडून आलीस की काय?" बाबांनी विचारले.

"फोडलं असतं," आई म्हणाली, "पण दुरुस्तीला तुम्ही येणार का?"

"येईन की. उजवा हात अजून कामावर आहे."