पेन ड्राइव्हवरची साहित्यकृती

भारतीय कॉपीराइट कायद्याच्या लेखी संगणकाचा प्रोग्रॅम ही ‘साहित्यकृती’ आहे. १९५७ च्या कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि कविता-कादंबरीच्या पंगतीत प्रोग्रॅमही येऊन बसला. औरंगपुऱ्यातल्या एखाद्या डीटीपीवाल्याला हे सांगून पाहा, हसेल तो. प्रिंटरचे पैसे तो घासाघीस करून का होईना, मोजतो. सॉफ्टवेअर मात्र पेन ड्राइव्हवरून ‘टाकून घेतो’. त्याला ‘चोरणं’ हा शब्द कुणी लावत नाही. मला तर खरा प्रश्न त्या क्रियापदातच दिसतो.

हाताला लागतं त्याचेच पैसे द्यायचे, ही सवय संगणकाच्याही जन्मातली आहे. १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत वेगळी लावायचं जाहीर केलं. तोवर ते अवाढव्य यंत्राच्या पोटातूनच यायचं, किंमत यंत्राची. पुढे यंत्र स्वस्त होत खिशात आलं, आणि आतल्या अकलेचं भाडं दरमहा सुरू झालं.

मराठीने हे फार जवळून पाहिलंय. पडद्यावर देवनागरी उमटावी म्हणून एकेकाळी संगणकात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवावं लागे. म्हणजे आपली बाराखडी चक्क हार्डवेअर होती! नंतर पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आली, ती डोंगलसकट. सॉफ्टवेअर नुसतं विकलं तर कॉपी होणार, म्हणून त्याला पुन्हा एक वस्तू जोडलेली. कुलूपच ते. तेही लोकांनी फोडलं.

‘परवडत नाही’ हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. परदेशी पगार डोळ्यांपुढे ठेवून लावलेला दर इथल्या विद्यार्थ्याने कुठून भरायचा? पण मराठी फॉन्टची फोडलेली प्रत घेताना समोर कुणी अमेरिकन अब्जाधीश नसतो. जोडाक्षरांच्या वळणांवर महिनोन् महिने डोळे फोडणारी पुण्या-मुंबईकडची चार माणसं असतात, आणि त्यांचा बाजार मुळातच लहान.

आज मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ फॉन्ट खुल्या परवान्यावर कुणीही उतरवून घ्यावा. तोही फुकटच, पण तो करणाऱ्यांनी आपण होऊन दिलाय. वापरणाऱ्याला दोन्ही फाइल्स सारख्याच दिसतात, हीच अडचण आहे. फोनच्या कव्हरला आपण ३०० रुपये सहज देतो. त्याच फोनवर १०० रुपयांच्या ॲपचं पान उघडलं की आधी ‘क्रॅक’ शोधतो. कव्हर दुकानातून तसंच उचलून आणायचं मात्र कुणाच्या मनातही येत नाही.