जेम्सटाउनचे उसने धान्य

अमेरिकेत टिकून राहिलेली पहिली इंग्रज वसाहत म्हणजे व्हर्जिनियातले जेम्सटाउन. मे १६०७ मध्ये व्हर्जिनिया कंपनीचे १०४ पुरुष आणि मुलगे जेम्स नदीकाठी उतरले. त्यांच्या पुढच्या हालअपेष्टांचे खापर वसाहतीच्या नेत्यांपैकी एक असलेल्या कॅप्टन जॉन स्मिथने कष्टाची सवय नसलेल्या खानदानी मंडळींवर फोडले आणि ते मत रूढ झाले. स्मिथची लेखणी जोरकस खरी. पण ती स्वतःची बाजू मांडणाऱ्याची होती.

वसाहतकऱ्यांचा त्रिकोणी किल्ला नदीने गिळला, असे मानले जाई. १९९४ मध्ये पुरातत्त्वज्ञ विल्यम केल्सो यांनी उत्खनन सुरू केले, तेव्हा तटाच्या लाकडी खांबांचे काळसर डाग मातीत दिसू लागले. किल्ला बराचसा शाबूत होता. बुजवलेल्या विहिरी आणि तळघरांतून तांब्याच्या पत्र्याचे कातरलेले तुकडे निघाले, तशीच त्या भागातल्या मूळच्या पाउहाटन लोकांच्या घडणीची मातीची भांडी आणि शिंपल्यांचे मणी घडवल्याच्या खुणाही. तांबे देऊन मका घेतला जात होता. स्थानिक स्त्रिया किल्ल्यात काम करत, कदाचित राहतही असाव्यात, असे संशोधकांना वाटते. तटाच्या आतली चूल बाहेरच्यांच्या शेतावर पेटत होती.

१६०९-१० च्या हिवाळ्यात ही देवघेव तुटली. पाउहाटनांनी वेढा घातला होता आणि रसदीच्या ताफ्याचे मुख्य जहाज बर्म्युडाच्या खडकांत अडकले होते. सुमारे ३०० माणसांपैकी साठेक जगली. त्या काळच्या थरांत घोडे, कुत्री, उंदीर, साप यांची हाडे मिळाली. वसाहतीचा तेव्हाचा प्रमुख जॉर्ज पर्सी याने नरमांसभक्षणाविषयी लिहून ठेवले होते. अनेक अभ्यासकांना ती अतिशयोक्ती वाटे. २०१२ मध्ये एका स्वयंपाकघराच्या तळघरात चौदाएक वर्षांच्या इंग्रज मुलीची कवटी आणि नडगीचे हाड सापडले. त्यांवरच्या घावांनी पर्सी खरा ठरला.

केवळ आळशीपणाकडे बोट दाखवणेही आता पुरेसे नाही. सायप्रस वृक्षांच्या वलयांनुसार १६०६ ते १६१२ हा ७७० वर्षांतला सर्वांत कोरडा सात वर्षांचा काळ होता. पाउहाटनांच्या स्वतःच्याच कणग्या रित्या होत असताना नवागतांनी मका मागितला आणि नकार मिळाला की बंदुकीच्या धाकाने नेला. हे ध्यानात घेतले तर वेढ्यामागचे कारण समजते.

अर्थात मातीची साक्षही एकटी पुरत नाही. कोणी काय खाल्ले हे हाडे सांगतात. वेढा कधी पडला आणि मदत का पोचली नाही, हे कागदांतूनच कळते. पण पाउहाटनांनी कागद मागे ठेवलेले नाहीत. त्यांच्या बाजूसाठी फुटके मडकेही मोलाचे.

पुढे जॉन रॉल्फ या वसाहतकऱ्याने तंबाखूचे पीक यशस्वी केले. मग मक्यासाठी हात पसरणाऱ्यांना जमीनच हवी झाली आणि १६१९ पासून त्या जमिनीवर पकडून आणलेले आफ्रिकी लोक राबू लागले. त्या वर्षापर्यंत व्हर्जिनिया कंपनीचे सूत्रधार असलेले सर थॉमस स्माइद हेच भारतात व्यापाराला आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीचेही गव्हर्नर होते. म्हणून साम्राज्यांच्या पराक्रमकथा वाचताना आपणही पहिला प्रश्न धान्याचा विचारावा: ते पिकवले कुणी, आणि त्याला मोबदला काय मिळाला?