नाबोथाचे दोन साक्षीदार

ईजबेलीनें नाबोथाचा घात करविला तो उपवासाच्या दिवशीं (1 राजे 21). गांव भयानें व शोकानें बसला असतां दोन अधम साक्षीदार उभे राहिले, आणि कोणींही त्यांस एक प्रश्न विचारिला नाहीं.

सन 2008 च्या नोव्हेंबरांत दहा सशस्त्र इसमांनीं मुंबईंत 166 माणसें मारिलीं. नरिमन हाऊस या यहूदी केंद्रांत सहा जण मेले. त्यांत रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग व त्यांची पत्नी रिव्का हीं होतीं. त्यांचा लहानगा मोशे यास दाई सँड्रा सॅम्युएल हिनें उचलून बाहेर आणिलें. तरी हें कृत्य सियोनवाद्यांचेंच, असें पाकिस्तानांतील दूरचित्रवाणीवर सांगण्यांत आलें! मेलेल्यांवरच खुनाचा आळ!

आणि हे यहूदी कोण? कुलाब्याकडचे बेने इस्राएल मराठीच बोलत. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. आपला प्रभु त्याच घराण्यांत जन्मला.

आतां परांड्या-भूमच्या गांवांतही युद्धाचीं चित्रें मोबाइलवर येतात, आणि त्यांखालीं लिहिलेलें असतें कीं सर्व यहूदीच याच्या मुळाशीं आहेत. राज्यकर्त्यांच्या कृत्याचा जाब राज्यकर्त्यांस अवश्य विचारावा. तो शनवार तेल्याच्या नातवास कां? उपदेशक बंधूंनो, असा मजकूर पारावर कोणी वाचूं लागला, तर पुस्तक उघडून नाबोथाचा अध्याय वाचा, आणि त्यास विचारा, ‘हें पाहिलें कोणीं?’